म्हशीवर पडलेला उजेड

पवनानगरला धरणाच्या काठी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढत होतो. सूर्य त्यांच्या पाठीमागे असल्यामुळे चेहरे काळे येत होते. वाऱ्यात फ्लॅशचा स्टँड टिकेना, म्हणून तिथे म्हैस चारणाऱ्या एका आबांच्या हाती फ्लॅश दिला. त्यांनी तो निरांजनासारखा जपून धरला. पण प्रत्येक फोटोत जोडपं अंधारात आणि बाजूची म्हैस लख्ख!

"आबा, उजेड त्यांच्यावर पाडा की!" मी वैतागलो.

"ती दोगं आदीच नटल्यात," आबा शांतपणे म्हणाले. "हिच्याकडं कोन बगनार?"

सकाळपासून रुसलेली नवरी खळखळून हसली. तिने फ्लॅश स्वतःकडे घेतला. "आबा, तुम्हीच उभे राहा म्हशीजवळ. उजेड मी धरते."

आबांनी टोपी सारखी केली नाही. आधी म्हशीच्या तोंडाला चिकटलेलं गवत पुसलं.