मुळासकट

"घाय करू नका मॅडम, पान तुटतला." गिरगावातल्या आमच्या कॉलेजात मी वनस्पतिशास्त्र शिकवायला रुजू झाले, त्या दिवशी मामांच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. माझ्या हातात तेव्हा पान नव्हतं, चहाचा कप होता. पण मामांना सगळं जगच वाळलेल्या पानासारखं वाटायचं. पोरं जिन्यावरून धावली तरी हेच, प्राचार्यांनी बेल दोनदा वाजवली तरी हेच.

मामा आमच्या विभागाचे शिपाई. मूळचे मालवणकडचे, राहायला लालबागच्या चाळीत. वाळवलेली झाडं जाड कागदावर चिकटवून ठेवायची आमच्याकडे तीन कपाटं आहेत, त्यांचा कारभार मामांकडे. शिक्षक येत-जात राहिले, कपाटांच्या किल्ल्या मात्र मामांच्याच कमरेला. तुमच्याही ऑफिसात असा एक माणूस असेलच, ज्याच्यावाचून साहेबांनाही काही सापडत नाही.

कपाटाच्या खालच्या कप्प्यात एक कागद होता. कोकणातल्या सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, उगवणारं, जमिनीत कांदा धरणारं एक रानफूल. कागदावर त्याचा रंग पार खाकी झालेला. कोपऱ्यात जुन्या सरांचा शेरा: 'यानंतर रानात आढळले नाही.' त्या फुलाचं नाव आणि गाव मी इथे लिहिणार नाही. अशा झाडाचा पत्ता फुटला की काय होतं, हे आपण सगळेच जाणतो. दर पावसाळ्यात मामा त्या कागदावरची बुरशी पुसायचे, सुटलेलं देठ परत चिकटवायचे आणि म्हणायचे, "बिचाऱ्याचो वंश बुडालो."

दहा वर्षं ते मला गणपतीला बोलावत होते आणि दहा वर्षं मी 'पुढच्या वर्षी नक्की' म्हणत होते. शेवटी एकदा लालबागला गेले. दुसऱ्या दिवशी विसर्जन होतं. खोलीत गणपतीच्या डोक्यावर माटवी बांधलेली होती. माटवी म्हणजे लाकडी चौकट. मालवणी घरांत तिला रानातली फळं, पानं, फुलं टांगतात. मी नमस्कार केला, वर पाहिलं आणि हातातला मोदक तसाच राहिला.

कवंडळाच्या लाल फळांशेजारी तीन जांभळी फुलं लटकत होती. पाकळ्यांच्या टोकांना तोच पीळ, जो मी वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवत आले होते.

"मामा, हे काय आहे?"

"ता? गणपतीचा फूल. सड्यार गावता. दरवर्षी आणतंय."

"मामा, हे खालच्या कप्प्यातलं फूल आहे."

"छ्या. ता खाकी आसा. ह्या जांभळा."

मी पीळ दाखवला. मामा स्टुलावर चढले, चष्मा सारून अगदी जवळून बघितलं आणि बराच वेळ खाली उतरलेच नाहीत. ज्याचा वंश बुडाला म्हणून ते इतकी वर्षं हळहळत होते, तेच त्यांनी दर भाद्रपदात स्वतःच्या हातांनी उपटून आणलं होतं.

"तिकडे अजून किती आहेत?" मी विचारलं.

"सगळो सडो पालथो घातलंय. तीनच गावले."

तेव्हा कुठे माझं लक्ष देठांच्या टोकांकडे गेलं. तिन्ही देठांना कांदे होते. माझा आवाज चढला. "पण मुळासकट कशाला काढलेत?"

मामा शांतपणे म्हणाले, "गावात नुसती फुलां तोडतत. मुळासकट काढूक आपल्या डिपार्टमेंटात शिकलंय. नमुनो मुळासकट घेवचो, असा तुमीच पोरांका सांगतास."

हे वाक्य मी दर जूनमध्ये पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगते.

आणि आता खरं सांगते. त्यानंतर मला त्या झाडाची नाही, माझ्या नावाची आठवण झाली. हरवलेलं फूल शोधून काढणारी बाई. मी म्हटलं, "यातलं एक मला द्या. कागदावर नमुना असल्याशिवाय कोणी मानणार नाही."

"एकदा चिकटवलो की संपलो, मॅडम. दोनच उरतले."

घरातले म्हणाले, विसर्जनाआधी माटवीवरचं काही उतरवायचं नसतं. मामांनी गणपतीसमोर कान धरले आणि तिन्ही कांदे उतरवून ओल्या फडक्यात गुंडाळले. दुसऱ्या दिवशी पहाटे ते कांदे परत सड्यावर लावायला गावी निघून गेले. घरच्या गणपतीचं विसर्जन धाकट्या भावावर सोपवून मालवणी माणूस बाहेर पडतो म्हणजे काय, ते लालबागकरांना विचारा.

मी मात्र अबोला धरला. कामापुरतं बोलायचं, बस. पुढच्या वर्षी मामा निवृत्त झाले. निरोपसमारंभात मी दोन वाक्यं बोलून खाली बसले. त्याची लाज आजही वाटते. ते गावी राहायला गेले आणि मी एक फोनही केला नाही.

यंदा गणपतीच्या चार दिवस आधी मामी विभागात आल्या. लालबागला दिराकडे आल्या होत्या. मी विचारलं, "मामा कसे आहेत?"

"गेले ते. शिमग्यात."

मामी पिशवीत हात घालत म्हणाल्या, "रोज संध्याकाळी सड्यार जाऊन बसत. ढोरांका जवळ येवक देईत नसत. माका सांगान ठेवल्यानी, तीन थयच ऱ्हवांदेत. चवथो इलो की तो मॅडमांचो."

त्यांनी ओलं फडकं माझ्या टेबलावर सोडलं. आत जांभळं फूल होतं, खाली कांदा, कांद्याला तांबडी माती.

"यंदा चवथो इलो. मुळासकट काढलंय. घ्या, चिकटवा."

मी विचारलं, "मामी, गावची गाडी किती वाजता असते?"

"आता गावाक कित्याक? आजच इलंय."

मी फडक्यावर पाणी शिंपडलं, कांदा मातीसकट पुन्हा गुंडाळला आणि गाठ मामींनी मारली.