दुर्गदबैलातल्या कुत्र्यांचे कान

“कान कापलेली कुत्री व्याली म्हणे! आता तिच्या नवऱ्यावर केस घालायची काय?”

ठाणे अंमलदाराच्या टेबलामागून हे वाक्य आलं आणि चहा पिणारे दोघं-तिघं मोठ्याने हसले. बोलणारे आमचे हवालदार होते. मी दारातून आत आले तसं हसणं थांबलं. माझ्यासमोर ते नेहमीच थांबायचं.

सहा वर्षांच्या नोकरीतली बरीच प्रकरणं आता पुसट झाली आहेत. चोऱ्या, हाणामाऱ्या, हरवलेली माणसं एकमेकांत मिसळून जातात. त्या सकाळपासूनचे दोन दिवस मात्र तासा-तासाने आठवतात. मी तेव्हा हुबळीत पोलीस उपनिरीक्षक होते. राजीनामा देऊन दोन वर्षं झाली. निवृत्त म्हणावं असं माझं वय नाही, पण दुसरा शब्द सुचत नाही. नावं कुणाचीच देत नाही.

हवालदार ज्याला हसत होते तो अर्ज माझ्याच टेबलावर आला. अर्जदार धारवाडच्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. एकट्या राहायच्या. त्यांनी आपल्या बचतीतली मोठी रक्कम इथल्या एका प्राणी कल्याण संस्थेला दिली होती. त्या पैशातून दोन कामं व्हायची होती. एक म्हणजे बाजारातल्या भटक्या कुत्र्यांची नसबंदी आणि रेबीजची लस. दुसरं, बाजाराजवळच्या शाळांत मुलांना प्राण्यांशी नीट वागायला शिकवणं. नसबंदी झालेल्या कुत्र्याच्या डाव्या कानाचं टोक बेशुद्धीतच कापतात. लांबून ओळखू यावं, पुन्हा पकडू नये, म्हणून. संस्थेने बाईंना पाठवलेल्या अहवालात हुबळीच्या दुर्गदबैल बाजारातल्या एका तांबड्या मादीचा फोटो होता, कापलेल्या कानासह. बाई मुद्दाम तिला बघायला बाजारात गेल्या. तांबडी मादी भेटली, कान कापलेला होता आणि पोटाशी चार पिल्लं होती.

“माझ्या पैशांनी यांनी फक्त कान कापले,” बाई मला म्हणाल्या. मराठीतच बोलत होत्या. “मुक्या जिवाला दुखवलं आणि मला फोटो धाडला. बाळ, मला पैसे परत नकोत. पण हे बंद झालं पाहिजे.”

आमच्या निरीक्षक साहेबांनी अर्ज वाचला आणि संस्थेच्या डॉक्टरांना बोलावणं धाडलं. फसवणुकीचा गुन्हा ठरला तर डॉक्टरांना अटक होणार होती आणि बाईंच्या पैशांवर चालणारं कुत्र्यांचं इस्पितळ बंद पडणार होतं. हे सगळ्यांना माहीत होतं, डॉक्टरांनाही. चाळिशीचा माणूस, शर्टाच्या बाहीला कुत्र्याचे केस चिकटलेले. चौकशीला मी नोंदी घ्यायला बसले होते.

“ही तांबडी माझी नव्हे, साहेब,” ते म्हणाले. “मी ऑपरेशन केलेली वेगळी.”

“तांबड्या कुत्र्याला आधार कार्ड असतंय काय?” साहेबांनी विचारलं. हवालदार दारात हसले.

“कानाचा काप बघा. आम्ही सरळ कापतो. मी रजिस्टर आणलंय.”

“रजिस्टर तुमचं, काप तुमचा, फोटोबी तुमचा. आणि पिल्लं कुणाची?”

डॉक्टर गप्प झाले. चौकशीत गप्प होणाऱ्या माणसाला आमच्याकडे अर्धा गुन्हेगार समजतात. मला ते कधी पटलं नाही, कारण मी स्वतःच गप्प राहणारी. घरी मराठी, शाळेत इंग्रजी, ठाण्यात कन्नड. तिन्ही भाषा येत होत्या आणि तिन्हीत मी मोजकं बोलायचे. डबासुद्धा माझ्या टेबलावर एकटीच खायचे. “मॅडम मातनाडंगिल्लरी,” मॅडम बोलत नाहीत, असं माझ्याबद्दल ठाण्यात ठरून गेलं होतं. चुकीचं नव्हतं.

साहेबांनी मला जागा पाहून यायला सांगितलं. “उद्या दहाला गुन्हा दाखल करू. पंचनाम्यापुरतं बघून या.”

दुर्गदबैल मला नवीन नव्हतं. आमचं कापडाचं दुकान तिथेच आहे, पणजोबांपासून. वडील बसतात. पण गणवेशात मी त्या गल्लीने जायचं टाळायचे. ओळखीचे लोक “या की मॅडम” म्हणायचे तेव्हा त्यांचे डोळे वेगळेच काही म्हणत असत.

एका बंद हार्डवेअरच्या दुकानाच्या पायरीखाली तांबडी पडली होती. पिल्लं तिला ओढत होती. हातगाडीवाले वळसा घालून जात होते. मी उकिडवी बसले. कानाचा काप जुना होता, भरून आलेला, थोडा वाकडा. शेजारी एक काळा कुत्रा झोपला होता. त्याचाही कान कापलेला, पण काप ताजा होता, नुकतीच खपली पडलेली. त्या कडेला बारीक दाते होते. एकसारखे, सलग, करवतीसारखे.

सोबत आलेले हवालदार मागे उभे होते. “उंदराने कुरतडला असेल, मॅडम.”

मी फोटो काढला. उंदीर इतका नीट कुरतडत नाही. कापड दुकानात वाढलेल्या कुणालाही ती कड डोळे मिटून ओळखता येते. गिऱ्हाइकाला नमुना द्यायचा तर तुकडा साध्या कात्रीने कापला की धागे सुटतात. म्हणून दातेरी कात्री लागते, जड, पितळी स्क्रूची. झिगझॅग कात्री म्हणतात तिला. लहानपणी तिला हात लावला म्हणून मी मार खाल्ला आहे.

हवालदारांना मी परत पाठवलं आणि एकटी दुकानाच्या मागच्या बोळात गेले. दुपारची वेळ, वडील जेवायला घरी. बोळात अप्पा पायरीवर बसले होते. अप्पा म्हणजे आमच्या दुकानातले जुने नोकर, आजोबांच्या वेळेपासूनचे. लग्न केलं नाही. दुकानाच्या वरच्याच खोलीत राहतात. त्यांच्यासमोर पाच-सहा कुत्री पाव खात होती. सगळ्यांचे डावे कान कापलेले.

“आलीस व्हय?” अप्पा म्हणाले. “जेवलीस काय गं?”

“अप्पा, यांचे कान कुणी कापले?”

त्यांनी पावाचा तुकडा दुधात बुडवला. “तू पोलीस म्हणून विचारतीस का आपली म्हणून?”

मला खरंच माहीत नव्हतं.

“मीच कापलो,” ते म्हणाले. “बर्फ धरून बधिर करायचं, मग कात्री. हळद लावायची. एकबी चावलं नाही मला. विश्वास ठेवतात बघ, त्याचंच वाईट वाटतंय.”

“पण का?”

“शाळेत ती शिकवणारी आलती की, संस्थेची. चित्रं दाखवली पोरांना. कान कापलेला कुत्रा दिसला तर त्याला सुई टोचलीय, तो धोक्याचा नाही, त्याला मारू नका. पोरं शहाणी. ऐकली. दुसऱ्या दिवसापासनं कान कापलेल्याला कुणी दगड मारीना. मग दगड सगळे बिनकापल्यांना. वर म्हणायची, ‘अप्पा, याला सुई नाही, हा धोक्याचा.’ दुकानवालेबी तसंच शिकले. एकाचा पाय मोडला. एकाला कुणी काय घातलं, इथंच तडफडून मेला.” त्यांनी समोरची फरशी दाखवली. “संस्थेत फोन केलो. डॉक्टर म्हणाला, यादीत घेतो, पैसे आले की गाडी धाडतो. चार वेळा फोन केलो. तवर ह्यांनी काय करायचं होतं?”

एक कुत्री त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून बसली होती. ते तिच्या कापलेल्या कानामागे खाजवत होते.

“डॉक्टरांवर उद्या केस होणार आहे, अप्पा.”

त्यांचा खाजवणारा हात थांबला. मग म्हणाले, “डॉक्टर चांगला माणूस आहे गं.” आणि थोड्या वेळाने, “मला नेलं तर यांना पाव कोण घालणार?”

मी उठले. जबाब लिहून घ्यायला हवा होता, कात्री जप्त करायला हवी होती, निदान साहेबांना फोन करायला हवा होता. मी यातलं काहीच केलं नाही. ठाण्यात परतले आणि डायरीत लिहिलं, ‘जागेची पाहणी केली. दोन कुत्र्यांचे कान कापलेले आढळले.’ प्रत्येक शब्द खरा होता. संध्याकाळी वडिलांनी फोनवर विचारलं, काही विशेष? मी म्हटलं, नाही.

त्या रात्री क्वार्टरमध्ये मी साधा हिशेब मांडत राहिले. बोलले तर अप्पांवर प्राण्यांना क्रूरतेने वागवल्याचा गुन्हा, आमच्या दुकानाचं नाव बाजारभर, आणि वडिलांसमोर उभं राहणं. गप्प राहिले तर एक निर्दोष माणूस आत आणि इस्पितळाला कुलूप. उत्तर उघड होतं. तरी मी ते उत्तर ज्याला सांगेन असा माणूस मला आठवत नव्हता. फोनमधली नावं मी खालपासून वरपर्यंत पाहिली आणि फोन पालथा ठेवला.

नंतरचं आधी सांगून टाकते. डॉक्टरांची खरी तांबडी मादी बाजाराच्या दुसऱ्या टोकाला, भाजीवाल्यांच्या ओळीत सापडली. सरळ काप, पोटावर टाक्याची खूण. डॉक्टरांवरचा गुन्हा टळला. धारवाडच्या बाईंनी पैसे चालू ठेवले. शाळेत शिकवणाऱ्या मुलीला त्यांनी स्वतः भेटून सांगितलं की कानाबद्दल शेवटी बोल, आधी दगडाबद्दल बोल. अप्पांवर खटला झाला. त्यांनी कोर्टात लगेच कबूल केलं आणि दंड भरला. दंड वडिलांनीच दिला. मात्र माझ्याशी ते कित्येक महिने कामापुरतंच बोलले. अप्पांनी मला काहीच म्हटलं नाही. दुकानात गेले की “जेवलीस काय” विचारतात, तेवढंच. पूर्वीही तेवढंच विचारायचे, पण आता माझ्या उत्तरासाठी थांबत नाहीत.

या प्रकरणाने मला काय शिकवलं, असं लोक विचारतात. चौकशीत आपण समोरच्याच्या गप्प बसण्याकडे फार लक्ष देतो. तो का बोलत नाही, काय लपवतोय, हे खोदत राहतो. खोलीतल्या दुसऱ्या गप्प माणसाकडे, नोंदी घेणाऱ्याकडे, कुणी बघत नाही. माझा भिडस्तपणा हा माझा स्वभाव आहे असं मी लहानपणापासून धरून चालले होते. त्या दिवशी मला कळलं की तो एखाद्याला तुरुंगातही धाडू शकतो. अप्पांची चूक प्रेमातून झाली होती. माझी कशातून होत होती, ते मला अजून नीट सांगता येत नाही.

तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहा. साहेबांच्या खोलीत डॉक्टर उभे होते. मोबाईल, पाकीट आणि गाडीची चावी त्यांनी टेबलावर काढून ठेवली होती. बाई खुर्चीत बसून चष्मा पुसत होत्या. हवालदार संगणकावर टंकत होते. “साहेब, आरोपीचं वय किती घालू?”

“विचार की त्यांनाच.”

“त्रेचाळीस,” डॉक्टर म्हणाले. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, “मॅडम, इस्पितळात अकरा कुत्री आहेत. आज दुपारचं औषध कुणीतरी द्यायला पाहिजे.”

त्यांनी मलाच का सांगितलं, कोण जाणे. कदाचित त्या खोलीत मीच एकटी त्यांच्याकडे बघत होते.

साहेबांनी कागद बाईंकडे सरकवला. बाईंनी पेन उघडलं. मी उभी राहिले. खुर्ची मागे सरकल्याचा आवाज झाला. सगळ्यांनी वळून बघितलं.

“बाई, सही करू नका,” मी म्हणाले. “साहेब, ते कान आमच्या दुकानातल्या माणसाने कापलेत, आमच्या दुकानातल्या कात्रीने. आणि मला हे काल दुपारपासून माहीत आहे.”