डब्यातली मक्खन मलाई

केशराचा वास आला की मला लखनौमधली ती थंडीतली सकाळ आठवते. आम्ही रेल्वेने गेलो होतो आणि “स्वतःच्या गाडीशिवाय शहर काय बघायचं?” म्हणून बाबा चारबाग स्टेशनजवळच्या हॉटेलातच रुसून बसले होते. मग आई आणि मी ई-रिक्षाने चौक बाजारात गेलो आणि केशर घातलेली, दुधाच्या फेसासारखी हलकी मक्खन मलाई खाल्ली. आईने लगेच बाबांसाठी पिशवीतून स्टीलचा डबा काढला. “अम्माजी, ये तो यहीं खाने की चीज़ है,” मलाईवाला कळवळून म्हणाला, तरी तिने डबा काठोकाठ भरून घेतला. हॉटेलात उघडला तर तळाशी दोन चमचे पिवळं दूध! बाबांनी ते चाटूनपुसून संपवलं आणि चौकात जायला बूट चढवले. हल्ली रेल्वेची तिकिटं तेच काढतात. आईच्या पिशवीत डबा मात्र अजून असतोच.