कारणाच्या रकान्यातला शुक्रवार

मला पहिल्यापासून चामटोलीच आवडली, आणि तिथेच माझं चुकलं.

लहान मुलांच्या लसीकरणाची एकच योजना दोन ठिकाणी कशी चालते, याचा तौलनिक अभ्यास माझ्याकडे होता. एक ठिकाण बदलापूरजवळचं चामटोली, दुसरं उल्हासनगर कॅम्प तीनमधली जीन्सच्या कारखान्यांची गल्ली. दोन्हीकडे लस बुधवारीच, त्याच लसी, तशीच बर्फाची पेटी. चामटोलीत अंगणवाडी भरून जायची. तिथली आशा कार्यकर्ती, आशाताई, म्हणजे अख्ख्या गावाची वहिनी. मी पोचले की आधी चहा, मग कामाचं. कॅम्प तीनची आशाताई मात्र तिरसट. चहा सोडाच, 'बसा' म्हणायचीही मारामार. दुपारपर्यंत तिच्याकडे चार पोरं आली तर खूप. सत्र शुक्रवारी ठेवा, असं ती पहिल्याच भेटीत म्हणाली होती. मी वहीत लिहिलं, 'सबबी सांगते.'

अहवालात कारणाचा एक रकाना होता. चामटोलीपुढे मी लिहिलं, 'आशाताईंचा लोकसंपर्क उत्तम.' कॅम्प तीनपुढे, 'आशाताई कमी पडतात.' झालं संशोधन! कच्चा मसुदा आरोग्य खात्यातल्या साहेबांकडे गेला आणि थोड्याच दिवसांत कॅम्प तीनच्या आशाताईच्या कानावर आलं, की तिच्या जागी दुसरी बाई बघताहेत.

तिने मला गल्लीतच गाठलं. आवाज चढवला नाही. "मॅडम, ती चामटोलीवाली एवढी हुशार आहे ना? एक बुधवार तिला इकडे आणा. मग लिहा काय लिहायचं ते."

माझं डोकंच फिरलं. संशोधन मी करतेय की ही? पण तुलना करायची म्हणायचं आणि एवढं साधं करून बघायचं नाही, हे मनाला खात राहिलं. चामटोलीच्या आशाताईला विचारलं तर ती हौसेने तयार झाली. तिच्या गावात सत्र नव्हतं त्या बुधवारी आम्ही तिघी गल्लीत शिरलो. चामटोलीवालीने ओळीने दारं ठोठावली. ओळीने कुलपं. बाया कारखान्यात जीन्सचे धागे कापायला गेलेल्या, लेकरं मांडीपाशी नाहीतर गावाकडून आलेल्या सासूपाशी. मध्येच उठलं की जागेवर दुसरी बसते, मग उठणार कोण? तासभर उन्हात हिंडून ती बाई एका पायरीवर टेकली.

"आता मी काय कुलपाला सुई टोचू गं बाय?" ती म्हणाली.

कॅम्प तीनच्या आशाताईने आपली पाण्याची बाटली तिच्यापुढे धरली. दोघींनी माझ्याकडे बघायचं टाळलं.

अंबरनाथला घरी आल्यावर जेवताना मी हे वडिलांना सांगितलं. त्यांचा सगळा जन्म इथल्या कारखान्यात गेलेला. ते जेवायचे थांबले. "अगं, आपल्याकडे कारखान्यांना सुट्टी शुक्रवारची. तुझे सगळे डोस मीच नेऊन देऊन आणले, कंपनीच्या दवाखान्यात. शुक्रवारीच घरी असायचो ना मी."

विसरले होते. ऑफिसच्या शनिवार-रविवारची सवय लागली आणि ज्या वारी बाबा घरात असायचे तो वारच विसरले. भयंकर लाज वाटली.

मसुदा परत मागायला गेले तर साहेब वैतागले. बुधवार वरून ठरलाय, म्हणाले. मी खुर्ची सोडलीच नाही. चूक माझी आहे, त्या बाईची नाही, हे तीनदा सांगितलं. शेवटी कुरकुरत त्यांनी एक शुक्रवार दिला, आणि तोवर तिच्या जागेला हात लावणार नाही असंही कबूल केलं.

त्या शुक्रवारी रांग गल्लीच्या तोंडापर्यंत गेली. केस धुतलेल्या, निवांत बाया, कडेवर पोरं, दोन-तीन बापसुद्धा. साहेब येऊन बघून गेले आणि पुढचा शुक्रवारही लावा म्हणाले. मला इतका आनंद झाला की उगाचच रडू येत होतं.

गर्दी जरा ओसरल्यावर आशाताईने माझ्यापुढे हात केला. "दाखवा, आता काय लिहिलंय माझ्यापुढे."

मी अहवाल दिला. कारणाच्या रकान्यातलं जुनं वाक्य खोडून मी एवढंच लिहिलं होतं, 'सत्राचा वार.' तिने ते दोनदा वाचलं, कागद नीट घडी घालून परत दिला आणि स्वतःची खुर्ची माझ्याकडे सरकवली.

"बसा," ती म्हणाली.