दोन दिवसांचं टेबल

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. कन्फेशनमध्येसुद्धा नाही. म्हणजे जाते मी, दर पंधरवड्याला जाते, गुडघे टेकते आणि म्हणते, फादर, भगिनींवर प्रेम करण्यात कमी पडले. काय गुळगुळीत वाक्य आहे बघा! त्यात वाट्टेल ते दडवता येतं. फादर बिचारे तीनदा नमो मरिया म्हणायला सांगतात, मी म्हणते, आणि शिळफाट्यावरून भाजी घेऊन घरी येते.

घर म्हणजे आमचं कॉन्व्हेंट. खालापूर तालुक्यात, मोठ्या रस्त्यापासून जरा आत, भातखाचरांच्या कडेला. एक दवाखाना, एक बालवाडी, आणि तेव्हा आम्ही तिघी. सिस्टर बेनेडिक्टा आमच्या सुपीरियर, म्हणजे घराच्या प्रमुख. सिस्टर क्लेअर दवाखाना बघायची. आणि मी, आग्नेस — मूळची वसईकडची, तोंडानं फटकळ, एकदा बोलायला लागले की थांबत नाही. म्हणूनच तर मला पाचारणाचं काम दिलं. पाचारण म्हणजे देवाची हाक. हल्ली मुली येत नाहीत हो, आमची घरं रिकामी पडायला लागलीत. मग मी या चर्चमधून त्या चर्चमध्ये जायचं, मुलींना गाठायचं, व्रतस्थ आयुष्य कसं असतं ते रंगवून सांगायचं. माझ्या लॅपटॉपवरचं पहिलंच चित्र — एक लांब टेबल, भोवती हसणाऱ्या सिस्टर्स. खाली लिहिलेलं, 'आम्ही एकत्र राहतो, एकत्र जेवतो.'

आणि आमच्या घरात एकत्र कुणीच जेवत नव्हतं.

का? सांगायलासुद्धा लाज वाटते. एका कुत्र्यावरून. क्लेअरनं एक भटका कुत्रा दवाखान्याच्या पायरीवर पाळला होता, बिस्कीट नावाचा. तो बालवाडीतल्या पोरांच्या अंगावर धावतो म्हणून बेनेडिक्टांनी एक दिवस त्याला भाजीच्या टेंपोत घालून घाटापलीकडे सोडायला लावलं. क्लेअरला न विचारता. ती तीन दिवस त्याला हाका मारत खोपोलीपर्यंत फिरली. चौथ्या दिवशी तिनं आपलं ताट उचललं आणि दवाखान्यात नेलं. मग बेनेडिक्टांनी आपलं खोलीत मागवलं. आणि मी? मी स्वयंपाकघरात ओट्याशी उभ्यानं जेवायला लागले. एकीबरोबर बसावं तर दुसरी म्हणणार, हिनं बाजू घेतली. चॅपलमध्ये आम्ही दिवसातून चार वेळा खांद्याला खांदा लावून प्रार्थना करायचो — आणि जेवायला तीन दिशांना तीन तोंडं. दोन वर्षं. मी त्याला समंजसपणा म्हणायचे. नुसता भित्रेपणा होता तो.

अशात आमच्या घरी शिबिर ठरलं. 'या आणि पाहा' म्हणतो आम्ही त्याला. मुलींनी दोन दिवस राहायचं, आमचं आयुष्य बघायचं, मग ठरवायचं. बघायचं काय, कपाळ? मी आधी बेनेडिक्टांच्या खोलीत गेले, मग दवाखान्यात. हात जोडले. दोनच दिवस, म्हटलं, फक्त दोनच दिवस एका टेबलावर बसा. पाहिजे तर नंतर माझ्याशीही बोलू नका. दोघी तयार झाल्या, एकमेकींचं नाव न घेता.

सात मुली आल्या. त्यातली एक मोहोपाड्याची — जसिंता, एकोणीस वर्षांची, केसांना तेल लावून घट्ट वेणी घातलेली. वडील केमिकल कंपनीत शिफ्टला, आई कंपनीच्याच कँटीनमध्ये. घरी तिच्यासाठी ताटावर ताट झाकून ठेवलेलं असायचं, आणि ती एकटी जेवायची. हे तिनं मला मागाहून सांगितलं.

त्या संध्याकाळी वालाचं बिरडं होतं, तांदळाच्या भाकऱ्या होत्या. साडेसातला घंटा वाजली. आम्ही दहा जणी बसलो. आणि काय झालं देव जाणे — बेनेडिक्टांनी आपल्या नॉव्हिशिएटमधली, शिकाऊ सिस्टर असतानाची गोष्ट काढली, बिशप जेवायला आले असताना खिरीत साखरेऐवजी मीठ घातल्याची. बिशपांनी ती अख्खी वाटी संपवली म्हणे! क्लेअर हसत सुटली. हसता हसता तिला ठसका लागला आणि बेनेडिक्टांनी उठून तिच्या पाठीवर थोपटलं. क्लेअरनं त्यांच्या ताटात भाकरी वाढली. मी बघत होते. हे नाटक माझं होतं ना? मीच बसवलं होतं ना? मग माझे डोळे का भरून यावेत?

माझ्या आईच्या घरून निघाल्यापासून ज्याच्यासाठी मी जीव टाकत होते, ते सगळं त्या टेबलावर होतं. दोन दिवस होतं. मुली गेल्या त्या संध्याकाळी क्लेअरनं ताट उचललं.

जसिंता सिस्टर व्हायला आली. घरच्यांशी भांडून आली — एकुलती एक पोर, आईनं रडून रडून डोळे सुजवले. फॉर्मेशनला, म्हणजे व्रतांआधीच्या शिक्षणाला, पाच वर्षं गेली. दर नाताळला तिचं कार्ड यायचं, आणि दर कार्डात ते टेबल असायचं. 'सिस्टर, क्लेअर सिस्टरना अजून ठसका लागतो का?' मी उत्तर लिहायचे — हो गं, रोज लागतो!

पहिली व्रतं घेतल्यावर तिनं मागणी केली, मला त्याच घरात पाठवा. प्रोव्हिन्शियलनी, म्हणजे आमच्या सगळ्या घरांच्या प्रमुखांनी, मला फोन करून विचारलं, काय करू? तेव्हा खरं सांगायला एक वाक्य पुरेसं होतं. मी म्हटलं, पाठवा. कारण सांगू? मला वाटलं, ती आली की आम्ही पुन्हा बसू. माझी भूक भागवायला मी त्या पोरीला बोलावलं.

पहिल्या संध्याकाळी तिनं स्वतः चार ताटं मांडली, पाण्याचे चार पेले भरले, घंटा वाजवली आणि बसली. क्लेअर आली, आपलं ताट वाढून घेतलं, दवाखान्यात गेली. बेनेडिक्टांचं ताट आमच्या स्वयंपाकाच्या सुगंधाबाई खोलीत घेऊन गेल्या. मी म्हटलं, जसू, दमली असशील, जेवून घे — आणि स्वयंपाकघरात शिरले. दाराच्या फटीतून मला तिची पाठ दिसत होती. ती बराच वेळ जेवलीच नाही.

दुसऱ्या दिवशी परत चार ताटं. तिसऱ्या दिवशी परत. महिनाभरानं ती मला बालवाडीच्या मागं गाठून म्हणाली, "सिस्टर, मी आले म्हणून हे बिघडलं का? माझं काही चुकलं असेल तर सांगा ना."

आता तुम्हीच सांगा, काय अवघड होतं? नाही गं वेडे, तुझ्या आधीपासून हे असंच आहे, ती संध्याकाळ मी रचलेली होती — एवढंच. पण मग मी खोटारडी ठरले असते. तिच्यासमोर. जगात ती एकटीच होती जिला माझं ते चित्र खरं वाटत होतं. मी तिच्या खांद्यावर हात ठेवला, उसासा टाकला, आणि म्हटलं, होईल हळूहळू. नाही म्हटलं नाही. तिनं त्याचा अर्थ 'हो' असाच घेतला, आणि मी तो घेऊ दिला.

सुगंधाबाईंना राहवलं नाही. बाजूच्याच गावच्या, बोलायला सरळ. "पोरीला सांगा की वो सिस्टर," म्हणाल्या, "हितं पयल्यापासून आसंच हाय. ती उगा सोताला दोष लावून घेते. जेवत नाय धड." मी त्यांच्यावर डाफरले. तुमचं काम करा, म्हटलं, आणि तिच्याकडे एक अक्षर बोलायचं नाही. बाई नोकरीच्या भीतीनं गप्प बसल्या.

जसिंता बदलत गेली. बेनेडिक्टांच्या पाया पडायची, क्लेअरच्या पट्ट्या गुंडाळायची, माझे कपडे धुवायची — कशानं तरी आम्ही माफ करावं म्हणून. कशाची माफी? आणि रोज साडेसातला चार ताटं. मला ती ताटं बघवेनात. अगदी खरं सांगते, मला तिचा राग यायला लागला.

वर्ष संपत आलं. पहिली व्रतं वर्षाचीच असतात, पुढं चालू ठेवायची तर घरातून अहवाल जावा लागतो. बेनेडिक्टांनी तो मला लिहायला सांगितला, माझं लिहिणं बरं म्हणून. 'काय योग्य वाटेल ते लिही,' एवढंच म्हणाल्या. कुणी माझा हात धरला नव्हता. तोच लॅपटॉप उघडला, आणि मी लिहिलं — 'सिस्टर जसिंता कामसू आणि प्रार्थनाशील आहे. परंतु तिला सामूहिक जीवन जमत नाही.'

तिला. जी रोज चार ताटं मांडत होती, तिला.

ती गेली त्या सकाळी एका बॅगेत सगळं मावलं. साध्या पंजाबी ड्रेसमध्ये पुन्हा एकोणीस वर्षांची दिसत होती. मी म्हटलं, देवाची इच्छा. देवाचं नावसुद्धा मी सोडलं नाही.

याला तीन वर्षं झाली. बेनेडिक्टा आता वयस्कर सिस्टर्सच्या घरी आहेत. इथं मी आणि क्लेअर, दोघीच. सुपीरियर मी. कुत्र्याचं भांडण संपलं, भांडणारी गेली, तरी क्लेअर ताट घेऊन दवाखान्यात जाते. दवाखाना टेबलापासून वीस पावलांवर आहे. मी हाक मारलेली नाही. सवयच राहिली नाही, कसं म्हणायचं तेही कळत नाही — ये, बस.

गेल्या महिन्यात मोहोपाड्याच्या चर्चमध्ये बोलायला गेले. तेच चित्र, तेच टेबल. संपल्यावर शेवटच्या बाकावरून जसिंता उठून आली. तिथं लहान मुलांना धर्मशिक्षण शिकवते ती आता. सोबत तीन मुली. वाटलं, आता बोलेल. बोलू दे. मी मनातून विनवत होते, बोल गं बाई एकदाची.

ती वाकून माझ्या पाया पडली. म्हणाली, "सिस्टर, मी आले आणि तुमचं टेबल मोडलं. पण ह्या पोरी चांगल्या आहेत. ह्यांच्यामुळे नाही मोडणार."

मी वही काढली, आणि तिघींची नावं लिहून घेतली.

शिबिर येत्या शनिवारी आहे. सुगंधाबाईंना वाल भिजत घालायला सांगितलंय. क्लेअरकडे जाऊन हात जोडून आले — दोनच दिवस, म्हटलं. ती हो म्हणाली. आणि मी काल रात्रीपासून दिवस मोजतेय, कधी एकदा शनिवार येतो आणि साडेसात वाजतात.