बायकांनी पुलापर्यंतच यायचं

आमच्या गावची स्मशानभूमी नदीच्या पलीकडं आहे. अलीकडचा काठ पुरात जातो, म्हणून कधीकाळी कुणा शहाण्यानं ती तिकडं नेली. मयत खांद्यावर घेऊन पुरुष पुलावरून जायचे. बायकांनी पुलाच्या तोंडापर्यंत जायचं आणि तिथंच थांबायचं. पण तिथून सगळं दिसायचं. पुलाच्या मधोमध विसाव्याला तिरडी खाली ठेवायचे, खांदेकरी बदलायचे, पुन्हा उचलायचे आणि माणसं पलीकडच्या बाभळींमागं जाईपर्यंत आपण बघत राहायचं. आई गेली तेव्हा मी अशीच कठड्याला धरून उभी होते. शेवटची टोपी दिसेनाशी झाली तेव्हाच पाय माघारी वळले.

तेराव्याला आबा म्हणाले, "मला बी असंच न्या. तू बघत ऱ्हा. तेवढ्यानं मला बरं वाटंल." जसं काही त्यांना तिथून कळणारच होतं! पण आबा फौजेतले. एकदा सांगितलं की विषय संपला. मी त्यांची एकुलती एक. भाऊ असता तर त्यानं खांदा दिला असता. माझ्या वाट्याला तेवढं बघणंच होतं.

कडेगावच्या शाळेतली नोकरी संपवून मी आबांकडं राहायला आले, तोवर पुलाची पार रया गेली होती. कठड्याच्या सळ्या उघड्या पडलेल्या, खांबांत पिंपळ उगवलेले. उसाच्या गाड्या जाऊ नयेत म्हणून लोखंडी कमान उभारली, तर हंगामात ट्रॉल्यांनी धडका देऊन तीच आधी वाकवली.

मग साहेब लोक यायला लागले. एकानं हातोडीनं ठोकून बघितलं आणि म्हणाला, दुरुस्ती करा, अजून पुष्कळ टिकेल. दुसरा म्हणाला, दुरुस्ती म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी, शेजारी नवा बांधा. तिसऱ्याला तो पाडायचाच होता. सगळे चहा पिऊन गेले.

शेवटी गावानं रास्ता रोको केला. पूल धोकादायक आहे हे सरकारला कळावं म्हणून अख्खं गाव पुलावरच जाऊन बसलं! आबाही बसले, छातीला पदकं लावून. मी काठावरून ओरडले, "आवं आबा, पडंल की त्यो!"

"पडला तर निकाल तरी लागंल," आबा म्हणाले. लोक खो खो हसले. मलाही हसू आलं.

नंतर नगरपालिकेच्या हॉलमध्ये बैठक झाली. अधिकारी तरुण होते आणि उद्धट नव्हते. त्यांनी तिन्ही पर्याय नीट समजावले. व्यापाऱ्यांना दुरुस्तीसाठीही पूल बंद नको होता. काठावरच्या घरांना नव्या पुलासाठी जागा द्यायची नव्हती. पाडायला कुणाचीच हरकत नव्हती, फक्त आत्ता नको. आबा काठी टेकत उठले.

"सायेब, कायबी करा, पर ठरवा. मला पलीकडं जायाचं हाय."

साहेबांना वाटलं, म्हाताऱ्याचं तिकडं शेत असेल. "बायपासचा पूल आहे की आजोबा. गाडीनं जा."

मागून कुणीतरी सांगितलं, म्हाताऱ्याला कुठं जायचंय ते. साहेब ओशाळले. मग चांगल्या मनानंच म्हणाले, "शववाहिका आहे आपली. फुकट आहे."

"त्या गाडीत माझी लेक बसंल का?"

"बायका कशाला..." म्हणत साहेबांनी समोरचे कागद आवरायला घेतले.

बायका हल्ली जातात, मला ठाऊक आहे. साताऱ्याच्या माझ्या मैत्रिणीनं वडिलांना स्वतः अग्नी दिला. आमच्या भावकीत मी विषय काढला तर चुलतभाऊ म्हणाला, "मग आमी काय मेलोय व्हय?" आबा तिथंच बसले होते. जन्मभर हुकूम सोडणारा माणूस, पण एक शब्द बोलला नाही. त्याचा राग माझ्या मनात अजून आहे.

पुलाचं काही ठरलं नाही. पावसाळ्याआधी दोन्ही तोंडांना पुरुषभर उंचीच्या विटांच्या भिंती मात्र उभ्या राहिल्या. महिन्याभरात शेजारच्या काकी गेल्या. शववाहिका दाराशी आली, काकींना आत ठेवलं, दार लागलं आणि गाडी कोपऱ्यावरून वळून गेलीसुद्धा. आम्ही बायका रस्त्यात तशाच उभ्या. कुठवर जायचं, कुणालाच कळेना. मग एक जण सवयीनं चालू लागली आणि तिच्यामागं आम्ही सगळ्या पुलाच्या तोंडाशी गेलो. समोर भिंत. तिच्यावर कुणीतरी शिकवणीच्या क्लासची जाहिरात रंगवली होती. काकींच्या सुनेनं त्या भिंतीलाच हात जोडले. माघारी कधी फिरायचं तेही समजत नव्हतं.

घरी आले तर आबा ओट्यावर बसलेले. "कुठं गेलतीस?" त्यांनी विचारलं. मी सगळं सांगितलं.

"मला गाडीतनं नेतील तवा तू दारातनंच माघारी फिर," आबा म्हणाले. "त्या भिंतीपाशी जाऊ नगंस."

मी चिडले. "तवाचं तवा बघू की."

"न्हाई. आत्ता व्हय म्हण."

एवढ्या एका गोष्टीसाठी हा माणूस पुलावर जाऊन बसला होता, साहेबांशी भांडला होता. त्यांनी आता माझ्याशीही भांडावं, उद्या पुन्हा पालिकेत जाऊ म्हणावं, असं मला फार वाटत होतं. ते नुसते माझ्या तोंडाकडं बघत बसले होते.

"व्हय," मी म्हणाले.