अख्खं कौल

आमच्या घराची कौलं काढून पत्रे घालायचे होते. गडी शिडीवर चढले आणि एकेक कौल हातोहात खाली येऊ लागलं. उतरवलेली चांगली कौलं फेकायची नाहीत, ती कुणाच्या तरी गोठ्याला द्यायची, ही आमच्या गावची रीत. आईनं पहिलंच कौल गड्याच्या हातून घेतलं आणि जोत्याच्या दगडावर आपटलं. मग दुसरं, मग तिसरं. लाल खापऱ्या अंगणभर उडाल्या. एक तिच्या पायात घुसली, तरी ती थांबली नाही.

छप्पर आसरा देतं, असं आपण सहज म्हणून जातो. पण दरवर्षी पावसाआधी तेच छप्पर घरातल्या एका माणसाला वर बोलावतं, कौलं चाळायला, म्हणजे फुटकी काढून नवी बसवायला. बाबा असेच चढले होते. पायाखालचं कौल कडकन मोडल्याचा आवाज आईनं चुलीपाशी ऐकला होता. बाबा पुन्हा उठले नाहीत. आज तोच आवाज ती स्वतःच्या हातानं काढत होती, पुन्हा पुन्हा.

शेजारचे तात्या कुंपणाशी आले. "वहिनी, चांगली कौलं कशाला फोडता? माझ्या गोठ्याला झाली असती."

"आणि ती चाळायला वर कोण चढणार?" आईनं विचारलं. "तुमचा पोरगा सदाच ना?"

तात्या आत आले. त्यांनी तिच्या हातातलं कौल काढून घेतलं. मला वाटलं, घेऊन जाणार. त्यांनी ते दगडावर आपटलं.